अंगणातला डॉगवुड: या चुका टाळा

व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलिना किंवा न्यू जर्सीत राहणारी मराठी मंडळी एप्रिलमध्ये पाने फुटण्याआधीच पांढरा होणारा डॉगवुड पाहून तो हौसेने लावतात, आणि झाड खंगू लागले की खताला दोष देतात. दोष बहुधा जागेचा असतो. हा डॉगवुड, म्हणजे कॉर्नस फ्लोरिडा, हे पूर्व अमेरिकेच्या जंगलात मोठ्या ओक वृक्षांखाली वाढणारे, साधारण १५ ते ३० फुटांचे झाड आहे. हिरवळीच्या मधोमध, दिवसभर उन्हात ठेवल्यास त्याच्या उथळ मुळांना जुलैमधली तापलेली माती सोसत नाही आणि पानांच्या कडा करपतात. सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि निचरा होणारी, किंचित आम्ल माती त्याला मानवते. मात्र गर्द सावलीत फुले कमी येतात आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) लवकर धरते.

बुंध्याभोवती दोन-तीन इंचांचे आच्छादन पसरावे, पण त्याचा ढीग खोडाला टेकवू नये. आच्छादनाचा दुसरा फायदा असा की गवत कापण्याचे यंत्र खोडापर्यंत येत नाही. त्याने सोललेल्या सालीतूनच खोडकिडा आत शिरतो, आणि सालीच्या फटीतून भुसा पडू लागेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते.

फुले येत नसतील तर हिवाळ्यात फांद्यांची टोके पाहावीत. फुलाची कळी चपट्या गोल बटणासारखी असते, पानाची बारीक आणि टोकदार. फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होत असल्यामुळे शरद ऋतूत केलेली सरसकट छाटणी पुढच्या वसंताचा बहर घेऊन जाते. हिरवळीला घातलेल्या जास्तीच्या नत्रानेही नुसती पालवी माजते आणि खोडावर कोवळे धुमारे फुटतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत आढळलेला करप्यासारखा बुरशीजन्य रोग खालच्या फांद्या वाळवत जातो आणि अशा धुमाऱ्यांतून खोडात उतरतो. म्हणून वाळलेल्या काटक्या काढून टाकाव्यात, पानांवर पाणी मारू नये आणि रोप जंगलातून उपटून आणू नये. ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ हा वाण या रोगाला चांगला तोंड देतो.

रोगाच्या भीतीने अनेक जण पूर्व आशियातला कौसा डॉगवुड लावतात. झाड देखणे आहे, पण त्याची मोठी, गुठळीदार फळे इथल्या पक्ष्यांच्या फारशी कामाची नाहीत. स्थानिक डॉगवुडची लहान लाल फळे स्निग्धांशाने भरलेली असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नेमकी स्थलांतराच्या दिवसांत पिकतात. रॉबिन, ब्लूबर्ड, सीडर वॅक्सविंग त्यांवर तुटून पडतात. एकटे झाड स्वतःच्या परागाने क्वचितच फळते, आणि एकाच वाणाची दोन कलमे म्हणजे खरे तर एकच झाड; त्यामुळे जवळपास दुसरे, वेगळे डॉगवुड हवेच. दुहेरी फुलांच्या वाणांना सहसा फळ धरत नाही.

वसंतात कळ्यांवर बारीक अळ्या दिसल्या म्हणून लगेच कीटकनाशक फवारू नये. त्या ‘स्प्रिंग अझ्युर’ या निळ्या फुलपाखराच्या असू शकतात, आणि घरट्यातल्या पिल्लांना भरवायला पक्षी अळ्याच वेचत असतात. गळलेली पाने कॅल्शियमने समृद्ध असून लवकर कुजतात. झाड निरोगी असेल तर ती पिशव्यांत भरून कचऱ्यात देण्याऐवजी बुंध्याखालीच राहू द्यावीत. पाने रोगट असल्यास मात्र उचलून टाकावीत.