व्हरांड्याचं जुनं दार काढताय? भिंतीला टेकू देताना या चुका टाळा

साठ-सत्तरच्या दशकातल्या बंगल्यांत हॉल आणि व्हरांड्याच्या मध्ये चार झडपांचं सागवानी दार असायचं. ते काढून तिथे ८-१० फुटी स्लायडिंग बसवायची सध्या चलती आहे. उजेड येतो, वारा खेळतो, कल्पना चांगलीच आहे. पण यातले बरेच बंगले लोड बेअरिंगचे आहेत. कॉलम नाहीत, ९ किंवा १४ इंची विटांच्या भिंतीवर स्लॅब थेट बसलेला. अशा भिंतीतलं भोक मोठं करणं हे सुताराचं काम नाही आणि स्लायडिंगवाल्याचंही नाही. आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा आणि टेकू कुठे, किती, हे त्याच्याकडून कागदावर घ्या.

चौकटीवर वजन नाही असं धरून चालणं

चौकटीने फक्त झडपा धरायच्या असतात, हे खरं. पण जुन्या घरात दारावर लाकडी पाट असतो, दगड असतो, कधी विटांची कमान असते. पाटाला वाळवी लागली किंवा कमानीतला चुना सुटला की वरचं वजन हळूहळू चौकटीवर उतरतं. चौकटीच्या वरच्या लाकडाखाली सुतळी ताणून बघा. लाकडाला मध्ये बाक आला असेल, झडपा वरून घासत असतील, तर चौकट भार पेलते आहे असंच समजा. मग प्लास्टर वीतभर खरवडून वर नेमकं काय आहे ते पाहा.

"वर तीनच फूट विटा आहेत, वजन ते किती?" हा प्रश्न हमखास येतो. भिंत वर भरपूर उंच असेल, तर दारावर फक्त एका त्रिकोणातल्या विटांचं वजन येतं, बाकीचं दोन्ही बाजूंना उतरतं. हा त्रिकोण ६० अंशांचा धरला तर ५ फुटी दारावर त्याची उंची साधारण सव्वाचार फूट होते. छत १० फुटांवर आणि दार ७ फुटी असेल तर त्रिकोण पुरा होण्याआधीच स्लॅब लागतो. म्हणजे विटा कमी असल्याने वजन कमी होत नाही, उलट स्लॅबचा भार लिंटेलवर, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईवर, येतो. १० फुटी स्लायडिंगला तर हा भार कितीतरी वाढतो.

छज्ज्याकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात जिवावरची चूक हीच. लिंटेल आणि छज्जा बहुतेक वेळा एकत्रच ओतलेले असतात. दीड-दोन फूट अधांतरी असलेला छज्जा कलंडत नाही, कारण लिंटेलच्या पाठीवर वरच्या विटा दाबून बसलेल्या असतात. नवीन लिंटेलसाठी त्या विटा काढल्या की छज्ज्याला मागून धरणारं काहीच राहत नाही. तो उलटतो, आणि खाली गवंडी उभा असतो. म्हणून वरची एकही वीट हलवण्याआधी छज्ज्याच्या बाहेरच्या कडेखाली, पूर्ण लांबीभर प्रॉप, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे लोखंडी टेकू, लावून घ्या. छज्जा काढायचाच असेल तर तो टेकूवर असतानाच, बाहेरच्या कडेकडून आत तोडत या.

टेकू चुकीच्या जागी, चुकीच्या जमिनीवर

दाराच्या मधोमध दोन बल्ल्या ठोकून भागत नाही. स्लॅब भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकलेला असेल तर दोन्हीकडे, भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, प्रॉपची रांग हवी. प्रॉपच्या डोक्यावर सलग चॅनेल किंवा जाड लाकूड घ्या. लिंटेलच्या वरच्या विटांसाठी भिंतीच्या आरपार आय-गर्डरचे (I आकाराच्या लोखंडी तुळईचे) तुकडे घालतात, साधारण तीन-तीन फुटांवर, आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं प्रॉपवर घेतात.

व्हरांड्याची फरशी हातोडीने ठोकून बघा. शहाबादीखालचा मुरूम बसलेला असला की पोकळ आवाज येतो. तिथे प्रॉप थेट उभा केला तर फरशी फुटते आणि टेकू नुसता नावाला उरतो. खाली २ इंच जाड, ९ इंच रुंद फळी सलग टाका. काम वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत प्रॉप लागतात.

प्रॉप घट्ट बसेल इतकाच आवळा. स्लॅब उचलायला जाऊ नका. मधल्या भागात सळई खालच्या अंगाला असते, खालून जोर दिला की वरून तडा जातो.

पहारीने चौकट उपटणं

चौकट लोखंडी होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडलेल्या पट्ट्यांनी, अडकवलेली असते. पहार लावून खेचली की होल्डफास्टबरोबर विटाही येतात, आणि नेमक्या त्याच विटांवर नवीन लिंटेल टेकणार असतो. होल्डफास्ट ग्राइंडरने कापा. विटाही ब्रेकरने हाणण्यापेक्षा आधी कटरने रेघ मारून काढा.

मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर बांधलेल्या अनेक घरांत दारांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींत फिरणारा आरसीसी पट्टा आहे. दार उंच करण्यासाठी तो कापू नका. भूकंपात चारही भिंतींना एकत्र धरतो तो हाच.

टेकू घाईने काढणं

लिंटेल जागेवर ओतला असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे प्रॉप किमान १४ दिवस ठेवायचे असतात. पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं) सिमेंट असेल तर इंजिनिअर आणखी थांबायला सांगेल. लोखंडी गर्डरला हे थांबणं नाही, पण त्याच्या टोकांखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक हवा, नाहीतर चुन्यातल्या जुन्या विटा चिरडतात. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान ६ इंच भिंतीवर बसला पाहिजे, दार रुंद असेल तर ९ इंच बरे. लिंटेल आणि वरच्या विटा यांच्यातली फट नॉन-श्रिंक ग्राउटने (वाळल्यावर न आकसणाऱ्या मसाल्याने) ठासून भरा. ती राहिली तर प्रॉप काढताच विटा तेवढ्या खाली बसतात.

तडा दिसलाच तर

प्लास्टरमधली केसाएवढी रेघ वेगळी. दाराच्या कोपऱ्यातून तिरपा वर जाणारा तडा, भिंतीतून झिरपणारी चुन्याची भुकटी, वरच्या मजल्यावरचं अचानक अडकणारं दार, यातलं काहीही दिसलं की ठोकाठोक लगेच बंद करा. वरची खोली रिकामी करा. लावलेला एकही प्रॉप हलवू नका आणि इंजिनिअरला बोलवा. तड्यावर पुट्टी फिरवू नका. आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे.

स्लायडिंगचं माप प्रॉप काढून काही दिवस गेल्यावरच द्या. वर ८-१० मिलिमीटर फट ठेवून ती फोम आणि सीलंटने भरा. तिथे सिमेंट भरलं तर लिंटेलला आलेला थोडासा बाकही थेट फ्रेमवर येतो आणि शटर सरकेनासं होतं.