स्पितीचा घोडा इंदुरात: सांभाळताना आणि विकताना

डिसेंबरात मी विकून दिलेला घोडा जूनमध्ये परत आणावा लागला, तेव्हा मला या कामात जेमतेम दोन वर्षं झाली होती. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षं काढली, पण तिथला बहुतेक वेळ गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडीत गेला. घोडा मला तबेल्यातच कळला. घोड्यांच्या कामात नव्यानं येणाऱ्यांनी माझी चूक पुन्हा करू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घोड्याचं नाव भुरा. स्पिती जातीचा, आठ वर्षांचा, खच्ची केलेला, उंची ५० इंच. महूजवळ शेत असलेल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी तो नातीसाठी हिमाचलातून आणला होता. प्रकृतीमुळे ते पुण्याला मुलाकडे जायला निघाले आणि म्हणाले, "पोरी, याला चांगलं घर बघून दे. पैशाची घाई नाही."

घाई मी केली. डिसेंबरात भुऱ्याचं रूप बघण्यासारखं असायचं. बोट रुतेल इतकी दाट लव, जबड्याखाली दाढीसारखे केस, मानेवर भरगच्च आयाळ. खंडवा रोडवरच्या एका फार्महाऊसचे मालक रविवारी मुलांना घेऊन आले आणि अर्ध्या तासात सौदा झाला. मी एवढंच सांगितलं, "उन्हाळ्यात जरा सावलीत ठेवा." असं वाक्य तुम्ही कधीही कुणाला सांगू नका. सावली म्हणजे काय, किती, कुठली, हे ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्यांनी सावली केली होती, पण पत्र्याची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "ताई, घोडा धापा टाकतोय, चंदीला तोंड लावत नाही." जाऊन बघते तर ताप १०५, श्वास मिनिटाला ऐंशीच्या वर. निरोगी घोड्याचा ताप ९९ ते १०१ आणि श्वास ८ ते १६ असतो. पण मला खरी भीती वाटली ती त्याच्या कोरड्या अंगाची. अशा उकाड्यात घोडा घामानं निथळायला हवा, आणि भुऱ्याच्या मानेवर, काखेत, कुठेच ओल नव्हती. उष्ण, दमट हवेत राहून काही घोड्यांचा घाम येणंच बंद पडतं. कातडीतल्या घामाच्या ग्रंथी जणू थकून जातात. घोड्याचं अंग थंड ठेवण्याचं मुख्य साधन घामच असल्यामुळे मग ताप चढतच जातो.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर त्याचे स्नायू आखडतात, असं तबेल्यातली जुनी माणसं सांगतात. हे खरं नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उष्ण, दमट हवेतल्या घोड्यांवर बराच अभ्यास झाला आणि भरपूर गार पाणी सुरक्षित असतं हे त्यातून स्पष्ट झालं. आम्ही बोअरचं पाणी पाइपनं सगळ्या अंगावर न थांबता सोडलं, समोर पंखा लावला आणि दर दहा मिनिटांनी ताप मोजला. १०२च्या खाली आल्यावरच पाणी थांबवलं. संध्याकाळी फार्महाऊसच्या मालकांना पैसे परत देऊन मी भुऱ्याला आमच्या तबेल्यात आणला. कर्नलसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं. तो फोन जड गेला.

पुढचं वर्ष मी त्याच्यावरच शिकले. पहिली गोष्ट लवीची. थंडी पडली की लव येते असं आपण धरून चालतो, पण घोड्याचं शरीर दिवसाची लांबी मोजतं. २१ जूननंतर दिवस आखडू लागला की लवीची तयारी सुरू होते आणि २२ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागला की ती गळायच्या तयारीला लागते. स्पितीत साडेतीन हजार मीटरांवर हे गणित बरोबर जुळतं, कारण तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरातच गारठा येतो. इंदुरात मात्र ऑक्टोबरचं ऊन पोळत असतं आणि त्याच वेळी भुऱ्याच्या अंगावर नवी लव दाटत असते. म्हणजे सांभाळायला मे-जूनइतकाच ऑक्टोबरही अवघड. आम्ही त्याची लव वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरात, मशीननं उतरवायचो. शेपूट आणि कपाळावरची झुलपं तेवढी ठेवायची, माश्या हाकलायला त्याच्याकडे तेवढंच असतं. म्हातारा घोडा मे उजाडला तरी लव टाकत नसेल तर तो जातीचा गुण समजू नका. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या विकारात असं होतं, त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

लवीखाली घोड्याची खरी तब्येत झाकली जाते. हडकलेला आणि लठ्ठ, दोन्ही घोडे लांबून गुबगुबीतच दिसतात. म्हणून रोज खरारा करताना फासळ्यांवरून हात फिरवायचा. फासळी बोटाला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. आयाळीखालची मान कडक, जाड लागली तर खाणं जास्त होतंय. ही जात तुटपुंज्या गवतावर तगलेली. आपल्याकडे माणसं प्रेमानं हरभरा घालतात, गूळ भरवतात, आणि त्यातून खुराच्या आतली सूज उद्भवते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहिला आणि खूर गरम लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरला बोलवा. भुऱ्याला मी दिवसाला पाच किलोच्या आसपास सुकं गवत द्यायचे. चंदी जवळजवळ बंद केली, चाटायला सैंधवाचा खडा ठेवला. लसूणघास मूठभर, तीही औषध भरवायचं असेल तेव्हाच.

पावसाळ्यात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं. दाट केस भिजलेले राहिले की पाठीवर खपल्या धरतात, केसांचे पुंजके निघून येतात. आणि मोठ्या चावऱ्या माश्यांतून सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोग होतो. ताप येऊन-जाऊन राहतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, घोडा खंगत जातो. असं दिसलं की काचेवर रक्ताचा थेंब पसरून तपासून घ्यायचा.

घाम परत यावा म्हणून बरेच उपाय केले. हिवाळ्यात थोडा आला, मार्चमध्ये पुन्हा गेला. या दुखण्यावर खात्रीचा इलाज एकच, थंड मुलूख. मग भुऱ्याला कुठे विकायचा हा प्रश्न उरलाच नाही. कोणाला, एवढंच ठरायचं होतं.

एक दलाल म्हणाला, "सारंगखेड्याला न्या, दत्तजयंतीच्या यात्रेत उभ्या उभ्या जाईल." सारंगखेड्याचा बाजार मी पाहिला आहे. तिथे उंची इंचात मोजतात, मारवाडी आणि काठियावाडीचे वळलेले कान बघतात, नाच बघतात, भोवरे म्हणजे अंगावरचे केसांचे वळसे तपासतात. ५० इंचांच्या भुऱ्याला तिथे हौशी गिऱ्हाईक मिळालं असतं, पण खाली, उष्ण सपाट मुलखातच. भोवऱ्यांच्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही. पण भोवऱ्यांची जागा प्रत्येक घोड्याची वेगळी असते, म्हणून विक्रीच्या कागदावर आकृती काढून ती जरूर नोंदवा. त्याच कागदावर रंग, खुणा, दातांवरून काढलेलं वय आणि ठाऊक असलेलं प्रत्येक दुखणं लिहा.

शेवटी ओळखीतून एक जोडपं भेटलं. मूळचे देवासचे मराठी, आता कुल्लूच्या वरच्या अंगाला राहतात. त्यांना मी मुद्दाम मे महिन्यात, दुपारी दोन वाजता बोलावलं. भुरा तेव्हा सगळ्यात वाईट दिसत होता. लव उतरवलेली, मान खाली, श्वास भरभर. माझी वही त्यांच्या हातात दिली. वर्षभराचा सकाळ-दुपारचा ताप, श्वास, पाणी, लीद, सगळं तारखेनिशी. जूनमधलं ते पानसुद्धा. काकूंनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "आमच्याकडे थंडीत याला झूल घालावी लागेल का?" त्या प्रश्नावरून मी सौदा नक्की केला. दलालाच्या आकड्यापेक्षा तीस हजार कमी आले. कर्नलसाहेब म्हणाले, "दे."

ग्लँडर्सची तपासणी विकण्याआधी करा, नंतर नाही. रक्तजल हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रापर्यंत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो. घोड्यात या रोगाला इलाज नाही, तो माणसालाही होतो आणि घोडा बाधित निघाला तर कायद्यानं त्याला मारावं लागतं. अहवाल आणि सरकारी डॉक्टरचा आरोग्य दाखला हातात आल्याशिवाय गाडी ठरवू नका.

भुऱ्याला आम्ही रात्री रवाना केला. ट्रकमध्ये दोर इतका सैल ठेवला की त्याला डोकं गुडघ्यापर्यंत खाली घेता यावं. डोकं वर बांधून नेलं की श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही आणि प्रवासात न्यूमोनिया होतो. दर चार तासांनी थांबा आणि पाणी, दुपारभर सावलीत मुक्काम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा निरोप आला: ताप १००, श्वास १४, लीद नीट, एक बादली पाणी प्यायला. सप्टेंबरात पुन्हा एक निरोप आला. चढावरून आल्यावर त्याच्या मानेवर घाम दिसला होता.