आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: नसेच्या दुखण्यात या चुका टाळा

एक एस.टी. चालक लंगडत माझ्याकडे आले. उजव्या पोटरीची कातडी तेल चोळून चोळून लाल झालेली. तीन आठवडे घरातलं कुणी ना कुणी रोज रात्री पोटरी रगडत होतं, कारण दुखत तिथेच होतं. मी त्यांना उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलला. निम्म्यावर आल्याबरोबर कमरेपासून घोट्यापर्यंत कळ गेली. पोटरीला काहीच झालं नव्हतं, नस कमरेत दबली होती.

फिजिओथेरपीच्या कामात मला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच. बेल स्वयंपाकघरात वाजते, पण बटण दाबलेलं असतं दारावर. नसेच्या दुखण्याचं अगदी तसं आहे. त्यात आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. त्यामुळे ‘नस आखडली’ म्हटलं की रक्त खेळतं व्हावं म्हणून चोळायचं, हे ओघानं येतंच. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.

‘गादी सरकलीय, आता हलायचं नाही’

सायटिकाची नस शरीरातली सगळ्यांत जाड नस. तिची मुळं कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघतात. दोन मणक्यांमधली गादी खरं तर जागची सरकत नाही. तिच्या कडेला चीर पडते, आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतो. तिथे सूज येते आणि कळ मात्र जाते नितंबातून मांडीमागे, पोटरीत, कधी थेट अंगठ्यापर्यंत.

अशा वेळी गावाकडे पायाळू माणसाला बोलावून कमरेवर लाथ मारून घेतात. साध्या उसणीत त्यानं बरं वाटल्याचं सांगणारे पुष्कळ भेटतात, कारण उसण दोन-चार दिवसांत आपोआपही जाते. पण कळ पायात उतरत असेल तर कमरेला असा हिसका देऊ नका. कंबर ‘कडकन मोडून’ घेऊ नका.

उलट टोकाची चूक म्हणजे महिनाभर पलंग धरणं. पहिले एक-दोन दिवस आराम ठीक आहे. त्यानंतर थोडं थोडं चालणं, कूस बदलणं, घरातली हलकी कामं सुरू व्हायला हवीत. पडून राहिलं की पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि मनातली भीती वाढते. बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनशिवाय ६ ते १२ आठवड्यांत बरंच कमी होतं. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं.

एम.आर.आय.चा कागद वाचून हातपाय गाळणं हीसुद्धा चूकच. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. दुखणं मात्र कुणालाच नव्हतं. चित्रात दिसणारा दोष आणि तुमची कळ यांचा मेळ बसतो का, हे तपासणारे हातच सांगू शकतात. म्हणून नुसता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून सल्ला मागू नका.

कळ पावलातून मागे सरकून फक्त कंबर दुखायला लागली तर लोक घाबरतात. बहुतेकदा ते सुधारण्याचं लक्षण असतं. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला: दुखणं कमी झालं, पण पंजा वर उचलला जात नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. ‘दुखत नाही ना, मग झालं’ असं म्हणून तिथे थांबू नका. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, किंवा सायकलच्या सीटवर बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. नसांचा अख्खा जुडगा दबलेला असतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

‘दाढच काढून टाका, डॉक्टर’

चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं राहते. दात घासताना, तोंड धुताना, दाढी करताना, वाऱ्याच्या झुळकीनंही येते. ही चेहऱ्याच्या नसेची कळ असू शकते. बऱ्याचदा मेंदूपाशी एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाब देत असते. पण दुखतं दाढेत, म्हणून दाढ काढली जाते. कळ थांबत नाही, मग शेजारची काढली जाते. चांगले दात असे गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं. दाढेचा एक्स-रे स्वच्छ असेल तर दात काढण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर दाखवा.

नागिणीला काव लावत बसणं

माझ्या मावशीच्या छातीत डाव्या बाजूला तीन दिवस आग होत होती. आधी हृदयाची शंका आली, ई.सी.जी. नीट निघाला. चौथ्या दिवशी बरगडीच्या रेषेत पुरळ उठलं. शेजारणीनं सांगितलं, नागीण आहे, तोंड-शेपूट मिळाली तर माणूस जातो, उतरवून घ्या. पुढचे पाच दिवस काव लावण्यात आणि मंत्र टाकण्यात गेले.

नागीण म्हणजे लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू. तो नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून असतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की जागा होऊन त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. नस डावी किंवा उजवी असते, म्हणून पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. तोंड-शेपूट मिळण्याची भीती निराधार आहे. खरा धोका वेगळा आहे: पुरळ सुकतं, पण जखमी नस महिनोन्‌महिने जळत राहते. मावशीला दीड वर्ष ब्लाऊजचं कापड टेकलेलं सहन होत नव्हतं.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. म्हणून पहिले तीन दिवस वाया घालवू नका. पुरळ डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, नजर जाऊ शकते. पन्नाशीनंतर घेण्याची लसही आता आपल्याकडे मिळते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

‘पित्तानं डोकं दुखतंय’

अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको होतो, उलटी झाली की बरं वाटतं. आपल्याकडे याला सर्रास पित्त म्हणतात आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेतात. बहुतेकदा ती अर्धशिशी असते. मळमळ आणि उलटी हे त्याच झटक्याचे भाग. पोटातलं पित्त डोक्यात चढत नाही.

दुसरी चूक जास्त त्रास देते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, किंवा मिश्र वेदनाशामकं (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांपुढे फुली मारा. एरवी कधीही न अनुभवलेली, मिनिटाभरात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी झाली तर मात्र घरी गोळी घेऊन झोपू नका, तडक इमर्जन्सीत जा.

हाताला मुंग्या येतात म्हणून मान शेकणाऱ्यांना एवढंच विचारते: मुंग्या अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत, रात्री झोपेतून उठवणाऱ्या आहेत का? मग मनगटातली नस तपासून घ्या. रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्यानं अनेकांना आराम पडतो. मधुमेह आणि थायरॉईडही तपासा.

मधुमेह्यांनी तळपायाची आग थांबवायला पाय गरम पाण्यात बुडवू नयेत. नस बधिर असते, पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि फोड येतात. पाणी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पारखून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेत असाल आणि शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनंही पायांना अशाच मुंग्या येतात.

‘हे तर फिटचं औषध!’

नसेच्या कळीसाठी दिलेल्या गोळीचं नाव घरातलं कुणीतरी इंटरनेटवर टाकतं. फिटचं किंवा नैराश्याचं औषध असं दिसतं आणि गोळी बंद होते. नेहमीची वेदनाशामकं नसेच्या कळीवर फारशी चालत नाहीत, म्हणून नसांचे चुकीचे संदेश शांत करणारी औषधं दिली जातात. त्यांतली काही फिटसाठी, काही नैराश्यासाठीही वापरतात. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला झोप येते, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. ही औषधं एकदम बंद करू नका, कमीही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करा. मात्र चेहऱ्याच्या कळीसाठी कार्बामाझेपिन हे यातलंच एक औषध सुरू झालं आणि अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.