‘जरा पडू दे त्यांना’: पक्षाघाताची लक्षणं ओळखताना या चुका टाळा

पक्षाघात, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी अडल्यानं किंवा फुटल्यानं येणारा झटका, बहुतेक वेळा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. छातीत कळ आली की अख्खं घर धावपळ करतं. पण हातातला पेला निसटला, जीभ जड झाली, तोंडाचा एक कोपरा खाली आला, तर तेच घर ‘थकवा असेल’ म्हणून पुन्हा आपापल्या कामाला लागतं. मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करते. उशिरा येणारे नातेवाईक निष्काळजी असतात असं मला कधी वाटलं नाही. उलट ते फार समंजसपणे, चार जणांचा सल्ला घेऊन उशीर करतात. म्हणून हे लिहिते आहे.

झोपवून ठेवणं

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून आधी हीच.

एक गृहस्थ होते, वय पन्नाशीच्या आसपास. दुपारी दीडच्या सुमाराला जेवताना उजव्या हातातला चमचा दोनदा खाली पडला. बोलणंही जरा अडखळल्यासारखं झालं. बायकोनं विचारलं, “अहो, बरं वाटतंय ना?” ते म्हणाले, “हात अवघडलाय, रात्री झोप झाली नाही.” घरात मेहुणा आलेला होता. बऱ्याच घरांत सगळ्यातलं सगळं कळणारा एक जण असतो, तसा तो. त्यानं बीपी मोजलं, थोडं जास्त निघालं, आणि निकाल दिला: “टेन्शन आहे, दुसरं काही नाही. जरा पडू दे त्यांना.” पडदे ओढले, मुलांना गप्प बसवलं. संध्याकाळी साडेसातला उठवायला गेले तर उजवा हात उचलेना आणि पाय ओढला जायला लागला.

आमच्याकडे आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला: कधीपासून? मेहुण्यानं छातीठोकपणे सांगितलं, “अर्ध्या तासापूर्वी.” बायको मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “पण चमचा तर दुपारीच पडला होता.”

या एका वाक्यावर सगळं फिरलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. 1995 साली एका मोठ्या चाचणीत ते लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर उपयोगी ठरतं हे दिसलं. 2008 साली ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. त्यापुढे, विशेष स्कॅनचा आधार नसताना ते दिलं, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्यापेक्षा जड होतो. अर्ध्या तासापूर्वी म्हणजे मिळणार, दुपारी दीड म्हणजे नाही. बायको गप्प राहिली असती तर आम्ही चुकीच्या वेळेवर विसंबून भलतंच करून बसलो असतो.

दुसरा एक उपाय असतो. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेऊन गुठळी ओढून काढायची. निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंत करता येतं, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवलं. पण त्यासाठी गुठळी मोठ्या वाहिनीत असावी लागते आणि वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक असावा लागतो. यांची गुठळी खोलवरच्या बारीक वाहिनीत होती, तिथवर नळी जात नाही. ते आता चालतात. उजव्या हातानं शर्टाचं बटण मात्र लागत नाही.

म्हणून माझा नियम असा, की अचानक काही बिघडलं आणि त्यावर माणूस ‘झोपतो जरा’ म्हणाला, तर आधी तपासायचं, मग बाकीचं. आणि घड्याळ बघायचं. ‘लक्षात कधी आलं’ या वेळेचा आम्हाला फारसा उपयोग नसतो. ‘शेवटचे ठणठणीत कधी दिसले’ ही वेळ हवी असते. झोपेतून उठल्यावर त्रास जाणवला, तर हिशोब सकाळी उठल्यापासून होत नाही, रात्री झोपताना नीट होते तिथून होतो. यात सूट काढायला जाऊ नका. वेळ ‘थोडी कमी करून’ सांगितली की उपचार लवकर मिळतील, असं समजणारेही भेटतात. मात्र वेळ निघून गेली असं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही. रात्री झोपेत झालेल्या काही जणांनाही एमआरआय पाहून ते इंजेक्शन देता येतं. तो निर्णय रुग्णालयात होऊ दे.

‘गेलं की!’ म्हणून सोडून देणं

हात दहा मिनिटं लुळा पडला आणि पुन्हा नीट झाला. एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं आणि गेला. शब्द सापडेनात, मग सापडले. अशा वेळी घरात जो सुटकेचा निःश्वास सोडला जातो, त्याची मला खरोखर भीती वाटते. काही जण निघालेली रुग्णवाहिका फोन करून परत पाठवतात.

गुठळी अडकली आणि आपोआप सुटली, एवढंच घडलेलं असतं. ती जिथून आली ती जागा तशीच आहे. मानेतली रोहिणी, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी, अरुंद झाली असेल, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, काहीही असेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, असा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या दर दहांतल्या सुमारे एकाला पुढच्या तीन महिन्यांत पुरता पक्षाघात झाल्याचं दिसलं. त्यांपैकी निम्मे तर पहिल्या दोनच दिवसांत. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, असं शुक्रवारी सांगणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

याची दुसरी बाजू चांगली आहे आणि ती कुणी सांगत नाही. ऑक्सफर्डमध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना लगेच तपासून लगेच औषधं सुरू केली, तेव्हा तीन महिन्यांतल्या पक्षाघाताचा धोका सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटला. औषधं तीच नेहमीची. फरक होता तो फक्त ती केव्हा सुरू झाली याचा.

मी तर म्हणेन, लक्षणं गेली तर जास्त घाई करा, कारण हात अजून शाबूत आहे. रुग्णवाहिकेला फोन करून झाला की ती येईपर्यंत मोबाईलवर रुग्णाचा बोलतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तोंड सरळ झालेलं असतं, आणि मग ‘डावीकडे वाकडं होतं की उजवीकडे’ यावर दोन भावांत वाद लागतो. व्हिडिओवर वेळही आपोआप नोंदली जाते.

चाचणी करायची म्हणून करणं

चेहरा, हात, बोलणं आणि वेळ, ही चौकडी बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेली असते. करताना मात्र गडबड होते.

चेहरा: ‘तोंड दाखव’ म्हणून नुसतं बघू नका, दात दिसतील असं हसायला सांगा. शांत चेहऱ्यावर बारीक फरक लपतो.

हात: इथे जवळपास सगळे चुकतात. ‘माझा हात घट्ट दाब’ म्हणतात, तो दाबतो, आणि सगळे खूश. पक्षाघाताच्या सुरुवातीला पकड बऱ्यापैकी शाबूत असू शकते. दोन्ही हात समोर, तळवे आकाशाकडे, डोळे मिटलेले, आणि तोंडानं सावकाश दहापर्यंत मोजायचं. एक हात हळूहळू खाली येतो किंवा तळवा आत वळतो, ते बघायचं असतं. चौथ्या आकड्याला ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणणाऱ्यांनी चाचणी न केलेली बरी.

बोलणं: ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘बरं’ हा शब्द तोंडून सवयीनंच निघतो. एक पूर्ण वाक्य म्हणायला सांगा. समोरच्या दोन वस्तूंची नावं विचारा. एखादी सूचना द्या, डोळे मिट म्हणावं. अडखळत बोलणं आणि स्पष्ट बोलूनही असंबद्ध बोलणं, दोन्ही गंभीर आहेत. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ‘भ्रमिष्ट झाला’ किंवा ‘प्यायलाय’ ठरवलं जातं आणि कोपऱ्यात बसवलं जातं.

तिन्ही चिन्हं दिसायची वाट बघू नका, एक पुरे. प्रथमोपचाराचा वर्ग नुकताच करून आलेले उत्साही लोक पाच-पाच वेळा चाचणी करत बसतात, जणू गुण द्यायचे आहेत. एकदा करा आणि फोन लावा. आणि तिन्ही ठीक निघाली म्हणून पक्षाघात नाहीच, असंही नसतं.

कारण मेंदूच्या मागच्या भागात गुठळी अडकली तर तोंडही सरळ असू शकतं आणि हातही. माणसाला अचानक गरगरतं, उलट्या होतात, चालताना तोल एका बाजूला जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. याला पित्त, कानाचा त्रास, मानेचा त्रास अशी नावं मिळतात, आणि खरंच बऱ्याचदा तेच असतं. मी एवढंच बघते: आधार न घेता नीट बसता येतं का, उभं राहता येतं का? अचानक चक्कर आली आणि पाय टाकताच येत नाही, तर तो तातडीचा रुग्ण. आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखीही तशीच. ती रक्तस्रावाची असू शकते.

रुग्णाच्या शब्दावर जाणं

‘मला काही झालेलं नाही’ हे पक्षाघाताच्या रुग्णाचं मत ग्राह्य धरू नये. विशेषतः मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही जणांना आपली डावी बाजू लुळी पडली आहे याची जाणीवच होत नाही. हात लटकत असतो आणि माणूस ठामपणे सांगतो की मी तो हलवतोय. काही जण तो हात आपला नाहीच म्हणतात. ते हट्ट करत नसतात, ज्या भागानं जाणीव द्यायची तोच बंद पडलेला असतो. घरातल्या कर्त्या माणसाला ‘नको’ असताना गाडीत बसवणं अवघड असतं, हे मला कळतं. तरी बसवा.

झटपट उपायांबद्दल थोडक्यात

फोनवर फिरणारा बोटांना सुई टोचून रक्त काढण्याचा उपाय: नाही. त्यानं काही होत नाही, वेळ मात्र जातो.

जीभ बाहेर काढायला लावणं: त्यावरून काही ठरवू नका.

घरातली अ‍ॅस्पिरिन देणं: हार्ट अटॅकचं ऐकलेलं इथे लावू नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. रक्तस्राव असेल तर त्या गोळीनं तो वाढू शकतो.

बीपीची जादा गोळी, किंवा जिभेखाली ठेवून बीपी झटकन पाडणं: अडलेल्या वाहिनीपलीकडचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असू शकतो. बीपी कधी आणि किती उतरवायचं हे रुग्णालयात ठरतं.

पाणी, चहा, औषध तोंडानं देणं: गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असू शकतात, घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. घसा कोरडा पडू दे.

मधुमेह असेल आणि यंत्र हाताशी असेल तर बोटातून साखर तपासा. साखर फार खाली गेली की हुबेहूब पक्षाघातासारखं दिसू शकतं. पण यंत्र शोधण्यात फोन लांबवू नका.

‘तरुण आहे, त्याला कसा होईल’: होतो.

‘नुसतं तोंड वाकडंय, वारा लागला असेल’: चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यात त्या बाजूच्या कपाळाला सहसा आठी पडत नाही आणि डोळा मिटत नाही. पक्षाघातात कपाळ बहुधा वाचतं. हे मी केवळ माहितीसाठी सांगते आहे. हा फरक आरशासमोर उभं राहून घरी ठरवायचा नाही.

जवळचं रुग्णालय की योग्य रुग्णालय

अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली एक अंदाज मांडला. मोठी वाहिनी बंद पडलेल्या पक्षाघातात उपचार न झाल्यास दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. हा आकडा ऐकून लोक सर्वांत जवळच्या दारात गाडी लावतात. तिथे सीटी नसतो, चिठ्ठी मिळते, दुसरीकडे निघतात, आणि तास गेलेला असतो. ज्यांच्या घरी बीपी, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके किंवा आधी येऊन गेलेला झटका आहे, त्यांनी आजच चौकशी करून ठेवावी: चोवीस तास सीटी आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन कुठे मिळतं, गुठळी ओढून काढण्याची सोय कुठे आहे. स्वतःच्या गाडीपेक्षा रुग्णवाहिका बरी, कारण वाटेत श्वासाकडे लक्ष राहतं आणि पुढे कळवता येतं. पक्षाघाताचा रुग्ण येतोय हे आधी समजलं तर सीटीची खोली मोकळी ठेवता येते.

फोनवर ‘तब्येत बिघडली आहे, लवकर या’ एवढं बोलून ठेवू नका. पक्षाघाताची शंका आहे असं स्पष्ट म्हणा. कुठली बाजू, बोलता येतंय का, शेवटचे ठीक कधी दिसले, एवढं सांगा. ज्यानं त्यांना शेवटचं ठीक पाहिलं तो माणूस सोबत यायला हवा, निदान त्याचा फोन लागायला हवा. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आज घेतली का आणि किती वाजता, हे आम्ही दारातच विचारतो, कारण त्यावरही ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं.