एसीएलच्या शस्त्रक्रियेसाठी ग्राफ्ट कसा निवडावा

गुडघ्यातील एसीएल (अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट) हे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, पूर्ण फाटले आणि चालताना किंवा वळताना गुडघा वारंवार सटकू लागला, की बहुतेक वेळा त्या जागी दुसरा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बसवावा लागतो. हा टेंडन, म्हणजेच ग्राफ्ट, कोठून घ्यायचा याचा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने सर्जनशी बोलून घ्यावा. तो केवळ सही करण्यापुरता विषय नाही.

बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात, की सर्वांत मजबूत ग्राफ्ट कोणता. माझ्या मते या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. प्रयोगशाळेतील मोजमापांत तरुण माणसाचे मूळ एसीएल सुमारे २१६० न्यूटन ताण सहन करते, १० मिलिमीटर रुंदीचा पटेलर टेंडन (वाटीखालचा) त्याहून अधिक, आणि चार पदरी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागच्या स्नायूंचे टेंडन) त्याहूनही अधिक. मात्र शरीरात बसवल्यावर ग्राफ्टचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरतात, आणि या काळात तो बसवला त्या दिवसापेक्षा कमकुवत असतो. म्हणून तो हाडात किती लवकर धरतो आणि ज्या जागेवरून काढला त्या जागेचे काय नुकसान होते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पटेलर टेंडनचा मधला एक तृतीयांश भाग, वाटीचा आणि नडगीच्या हाडाचा एकेक छोटा तुकडा दोन्ही टोकांना ठेवून, काढला जातो. हाडाला हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळते, तर नुसत्या टेंडनला, ग्राफ्ट बसवण्यासाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात धरायला त्याहून अधिक काळ लागतो. अचानक दिशा बदलण्याचे खेळ खेळणाऱ्या तरुणांसाठी अनेक सर्जन याच कारणाने हा पर्याय पसंत करतात. परंतु गुडघे टेकल्यावर दुखणे आणि वाटीच्या पुढच्या भागातील वेदना यात जास्त आढळतात. क्वचित वाटीचे हाड मोडते. ज्यांचे काम गुडघ्यांवर बसून चालते, त्यांनी हे गांभीर्याने विचारात घ्यावे.

हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट नडगीच्या वरच्या, आतल्या बाजूला छोटा छेद देऊन काढतात. सेमिटेंडिनोसस आणि बहुधा ग्रॅसिलिस हे टेंडन दुमडून त्यांचे चार पदर केले जातात आणि अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या छिद्रांमधून ओढून जाडी मोजली जाते. ही जाडी किमान ८ मिलिमीटर असावी असे मानले जाते, कारण त्याहून बारीक ग्राफ्ट, विशेषतः वीस वर्षांखालील रुग्णांत, पुन्हा फाटण्याची शक्यता अधिक असते. बुटक्या किंवा सडपातळ बांध्याच्या व्यक्तीने म्हणूनच आधी विचारून ठेवावे, की जाडी कमी भरली तर काय करणार. पदर वाढवता येतात. शिवाय तरुण आणि जोखमीच्या रुग्णांत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा आधार जोडल्यास पुन्हा फाटण्याचे प्रमाण घटते. या ग्राफ्टमध्ये गुडघेदुखी कमी, पण गुडघा खोल वाकवतानाची ताकद काहीशी घटते. ज्यांचे आतील बाजूचे लिगामेंटही फाटले आहे, त्यांच्या बाबतीत हॅमस्ट्रिंग काढणे अनेक सर्जन टाळतात, कारण गुडघ्याला आतून आधार देणारे तेच स्नायू असतात.

वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडन जाड असतो, त्यामुळे हवी तेवढी जाडी सहज मिळते आणि गुडघे टेकताना त्रासही कमी होतो. मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत आणण्यासाठी सुरुवातीचे महिने कसून व्यायाम करावा लागतो. घोट्याजवळचा पेरोनियस लाँगस हा पर्याय अनेक लिगामेंटे एकाच वेळी फाटली असतील तेव्हा विशेष उपयोगी पडतो.

मृत दात्याकडून मिळालेल्या टेंडनमुळे स्वतःच्या शरीरावर जादा छेद लागत नाही. चाळिशीपुढील, कमी धावपळीच्या आयुष्यासाठी तो योग्य ठरू शकतो. तरुण खेळाडूने मात्र तो शक्यतो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यांच्यात तो फाटण्याचे प्रमाण स्वतःच्या टेंडनपेक्षा कितीतरी अधिक आढळले आहे. निर्जंतुकीकरणासाठी जास्त किरणोत्सर्ग दिलेला टेंडन तर आणखी दुबळा होतो.

भेटीला जाताना वय, खेळ, कामाचे स्वरूप, त्याच गुडघ्यावरील जुन्या शस्त्रक्रिया आणि इतर लिगामेंटांची अवस्था यांची नोंद सोबत न्यावी, आणि सर्जनला विचारावे, की ते स्वतः कोणता ग्राफ्ट सर्वाधिक वापरतात व माझ्यासाठी तोच का. हाडातील बोगदे चुकीच्या जागी पडले तर उत्तम ग्राफ्टही टिकत नाही, त्यामुळे हात बसलेल्या पद्धतीला मोठे मोल आहे. ग्राफ्ट कोणताही असला, तरी खेळात परतण्यासाठी निदान नऊ महिने आणि ताकदीच्या चाचण्या उत्तीर्ण होणे आवश्यक मानले जाते; त्याआधी बरे वाटले तरी मैदानात उतरू नये.