आयोडीनचा थेंब टाकण्याआधी: या चुका टाळा

ठाण्यात मुलांचे विज्ञानाचे वर्ग घ्यायला लागून मला २२ वर्षं झाली. आयोडीनची चाचणी सोपी, म्हणून घरोघरी होते आणि चुकीचे निष्कर्षही हिच्यातूनच सर्वांत जास्त निघतात. स्टार्च, म्हणजे पीठ-भातात असतो तो पिष्ट पदार्थ, असेल तर आयोडीनचं तपकिरी द्रावण निळं-काळं होतं, एवढंच लोकांनी पाठ केलेलं असतं.

माझा सगळ्यांत मोठा राग कोरी चाचणी, म्हणजे नमुना न घालता करून पाहायची चाचणी, न करण्यावर आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत आठवीतल्या एका मुलाने पनीरचा तुकडा वहीच्या पानावर ठेवला आणि वर टिंक्चर आयोडीनचे चार-पाच थेंब सोडले. ओघळ पानावर आला आणि पान जांभळट काळं पडलं. वडिलांनी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'पनीरमध्ये मैदा आहे, घेऊ नका.' रात्रीपर्यंत अकरा घरांनी डेअरीवाल्या भाऊंचं पनीर बंद केलं. सकाळी ते नेहमीसारखे गेटवर आले, तर वॉचमननेच त्यांना सांगितलं.

मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याच वहीचं कोरं पान घेतलं, पनीर लांब ठेवलं आणि पानावर एक थेंब टाकला. बघता बघता काळा डाग. शाई फुटू नये, पान गुळगुळीत राहावं म्हणून कागद बनवतानाच त्याला स्टार्च लावतात. मग पनीर स्टीलच्या वाटीत कुस्करलं, पाण्यात उकळलं, पूर्ण गार केलं आणि थेंब टाकले. पिवळट तपकिरीच राहिलं. वडिलांनी ग्रुपवर चूक कबूल केली, पण चार घरांनी त्या भाऊंकडून पुन्हा पनीर घेतलं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझ्या ओट्यावर कायम तीन वाट्या असतात. एकीत नुसतं पाणी, दुसरीत भाताची पेज, तिसरीत नमुना. तिन्हींत मोजून तेवढेच थेंब. पाणी निळं झालं तर भांडं खराब, पेज निळी झाली नाही तर आयोडीन खराब. या दोन वाट्यांशिवाय तिसरीबद्दल बोलूच नये, असं माझं ठाम मत आहे. आणि चमचा वेगळा घ्या. भात वाढलेल्या चमच्याने दूध ढवळलं तर दूध कसं 'पास' होणार?

दुसरी चूक घाईची. पनीर किंवा खवा उकळायचा तो स्टार्चचे कण फुगून फुटावेत म्हणून, पण थेंब टाकायचे ते गार झाल्यावरच. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या, घरी भेसळ ओळखायला शिकवणाऱ्या 'डार्ट' पुस्तिकेतही आधी उकळा, मग गार करा, असंच लिहिलं आहे. दूध असेल तर उकळायचीही गरज नाही. तरी लोक वाफाळत्या वाटीत थेंब टाकतात आणि 'शुद्ध आहे हो' म्हणून मोकळे होतात. स्टार्चमधल्या अमायलोजची लांब साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते. तिच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसलं की निळा रंग येतो. तापवलं की ते बाहेर पडतं आणि रंग जातो. वर्गात मी पेजेची निळी परीक्षानळी गरम पाण्यात धरते. ती हळूहळू नितळ होते. मग तिचं बूड नळाखाली धरलं की तळापासून निळाई वर चढत येते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुन्हा गरम नमुन्यात थेंब टाकत नाही.

आयोडीनचं द्रावण गडद असेल तर सगळंच काळं दिसतं. ते फिकट चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाणी घाला. घरातलं बेटाडीनही असं पातळ करून चालतं. आयोडीनचे खडे नुसत्या पाण्यात विरघळवत बसू नका, ते जेमतेमच विरघळतात. सोबत पोटॅशियम आयोडाइड लागतं. फ्रेंच डॉक्टर लुगोल यांनी १८२९ मध्ये असंच द्रावण केलं होतं. बाटली काचेची, गडद रंगाची आणि घट्ट झाकणाची हवी.

हळद किंवा आल्यात स्टार्च सापडला म्हणून भेसळ ठरवू नका, तो त्यांच्यात मुळातच असतो. बांधानी, म्हणजे मिसळून तयार केलेल्या, हिंगात पीठ घातलेलंच असतं. कच्चं केळं गडद निळं होतं आणि पूर्ण पिकलेलं फारसं नाही, कारण पिकताना स्टार्चची साखर होते.

झाडाच्या पानातला स्टार्च तपासायच्या प्रयोगात हरितद्रव्य काढायला स्पिरिट कधीही थेट आचेवर तापवू नका. गॅस बंद करा, स्पिरिटची नळी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा आणि थांबा. वेळ लागतो म्हणून शॉर्टकट मारणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर बसवते.

नमुन्यात साबण, सोडा किंवा चुना असेल तर स्टार्च असूनही रंग टिकत नाही. लिंबाचंही तसंच, त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं. म्हणून ओट्यावरचे तपकिरी डाग काढायला क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून कापसाच्या बोळ्याने चोळा, आणि तो बोळा तिन्ही वाट्या धुऊन झाल्यावरच हातात घ्या.