बोस्टनचा चहा मुलांना कसा शिकवावा

अमेरिकेतल्या वसाहती ब्रिटनविरुद्ध का उठल्या हे शिकवताना सनावळी घोकून घेऊ नका. इंदूरच्या रामबागेत मी शिकवण्या घेते. घोकलेलं परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाही. आधी कर्ज सांगा: १७६३ला फ्रान्सशी युद्ध संपलं, ब्रिटन कर्जात बुडालेलं. मग अमेरिकेतल्या वसाहतींवर लादलेला १७६५चा स्टॅम्प कायदा. वर्तमानपत्रं, करारपत्रं, अगदी पत्त्यांच्या जोडावरही कर! इथे थांबून विचारा, "पार्लमेंटात वसाहतींचा माणूस कोण?" कोणीच नाही. भांडणाचं मूळ तेच.

१७७३च्या चहा कायद्याने, कर तसाच राहूनही, चहा उलट स्वस्त झाला, हे पोरांना पटतच नाही. मी विचारते, "बैठकीला न बोलावता वर्गणी ठरवली, वर पोहे स्वस्तात दिले, तर गप्प बसाल?" मग बोस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या बंदरात का फेकल्या ते कळतं. शिक्षा म्हणून ब्रिटनने केलेली बंदराची नाकेबंदी, १७७५ची लेक्सिंग्टनची पहिली लढाई पाच मिनिटांत उरका.